‘जाम’ हे उत्तर नव्हे

द्वितीय वर्ष, कला

महाविद्यालयाच्या वार्षिकात कविता असाव्यात, सहलीचे वर्णन असावे, फार तर हुंडाबंदीवर एखादा जळजळीत लेख असावा, अशी आपली समजूत असते. त्या रांगेत मोटारसायकलच्या ब्रेकवरचा लेख पाहून, हा लेख आयटीआयच्या अंकात जायचा तो वाट चुकून इकडे आला, असे काही वाचकांना वाटेल. माझे म्हणणे असे की तो योग्य ठिकाणीच आला आहे. कारण या लेखाचा विषय जितका यंत्र आहे तितकाच शब्द आहे, आणि शब्दांची चौकशी करणे हे तर कला शाखेचेच काम. तो शब्द म्हणजे ‘जाम’.

पावसाळा संपत आला की आपल्या भागातल्या कोणत्याही गॅरेजसमोर हा शब्द ऐकू येतो. दुधाच्या किटल्या घेऊन रोज शेताच्या वाटेने येणारा गडी असो, उसाच्या फडावर जाणारा मुकादम असो की कॉलेजात येणारे आपण असू, तक्रार एकच. गाडी ढकलायला जड जाते, पेट्रोल जास्त खाते, चाक उचलून हाताने फिरवले तर अर्ध्या फेरीत थांबते, आणि दोन-चार मैल चालवून आल्यावर डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र आवाज येतो. गॅरेजवाला खाली वाकून पाहतो आणि सांगतो, “कॅलिपर जाम झालाय.” गिऱ्हाईक विचारते, “किती होतील?” संवाद इथेच संपतो. ‘का जाम झाला?’ हा प्रश्न कोणीही विचारीत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तेच गिऱ्हाईक त्याच तक्रारीने त्याच दारात उभे राहते. वैद्याने नाडी पाहून “तुम्हाला बरे नाही” एवढेच सांगावे आणि रोग्याने त्यालाच निदान समजून पैसे मोजावेत, तसा हा प्रकार आहे.

‘जाम’ हे निदान नव्हे, ते लक्षण आहे. या एका शब्दाखाली किमान चार वेगवेगळे रोग लपलेले असतात आणि चौघांचे औषध वेगळे आहे. ते समजण्यासाठी आधी हा ब्रेक चालतो कसा हे पाहू.

मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या मोटारसायकलला पुढच्या चाकावर द्रवाच्या दाबाने चालणारा डिस्क ब्रेक मिळाला तो १९६९ साली, होंडाच्या सीबी ७५० या गाडीला. पण ज्या नियमावर तो चालतो तो सतराव्या शतकातला आहे. ब्लेझ पास्कल हे नाव आपल्यापैकी तत्त्वज्ञान घेतलेल्यांना माहीत असते, ते ईश्वराच्या अस्तित्वावर पैज लावण्याच्या त्याच्या युक्तिवादामुळे. त्याच पास्कलने सांगितले की बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. हँडलवरच्या लिव्हरपाशी एक लहान पिस्टन असतो, चाकापाशी कॅलिपरमध्ये मोठा पिस्टन असतो आणि मधल्या नळीत द्रव असतो. लहान पिस्टनवर बोटांनी दिलेला जोर मोठ्या पिस्टनवर क्षेत्रफळाच्या पटीत वाढतो, दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबते.

इथपर्यंत शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातही असते. खरी गंमत पुढे आहे. लिव्हर सोडल्यावर कॅलिपरमधला पिस्टन मागे कसा येतो? आपल्याला वाटते, आत एखादी स्प्रिंग असेल. कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंगच नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी कडी, म्हणजे सील, एका खाचेत बसवलेली असते. पिस्टन पुढे सरकताना ही कडी त्याला धरून किंचित पिळली जाते. दाब गेला की ती मूळ आकारावर येते आणि येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. संपूर्ण ब्रेक सुटण्याचा व्यवहार या केसभर अंतरावर अवलंबून आहे. एवढे लक्षात घेतले की ब्रेक ‘जाम’ होण्याला हत्तीचे बळ लागत नाही, चिमूटभर घाणही पुरते, हे पटते.

आता ते चार रोग पाहू. पहिला रोग पिनांचा. बहुतेक गाड्यांवर कॅलिपर दोन पिनांवर डावी-उजवीकडे सरकणारा असतो. पिनांवरचे रबरी टोपण फाटले की आत पाणी जाते, ग्रीस धुतले जाते, पिन गंजते आणि कॅलिपर सरकत नाही. मग दोन पॅडपैकी एकच पॅड झिजलेला दिसतो. दुसरा रोग पिस्टनचा. पिस्टनच्या बाहेरच्या भागावर चिखल सुकतो, मुलामा उडून गंजाचे खड्डे पडतात. किंवा सीलच्या मागच्या खाचेत अॅल्युमिनियमचा पांढरा क्षार साचून तो सीलला आतून फुगवतो आणि पिस्टन आवळला जातो. तिसरा रोग नळीचा. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगून तिचे भोक बुजते. लिव्हरच्या जोराने द्रव खाली ढकलला जातो, पण परत यायला त्याच्यामागे जोर नसतो, म्हणून तो तिथेच अडकतो. चौथा रोग वरच्या डबीचा. लिव्हरपाशी द्रव परत टाकीत जाण्यासाठी सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते. ते घाणीने बुजले की गरम होऊन फुगलेल्या द्रवाला परतीची वाट राहत नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातो.

चौघांपैकी रोग कोणता, हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. कॅलिपरवर हवा काढण्याचे निपल असते. त्यावर पारदर्शक नळी लावून दुसरे टोक बाटलीत सोडावे आणि चाक अडकलेले असताना निपल थोडे सैल करावे. द्रवाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर खाली सर्व ठीक आहे. रोग नळीत किंवा वरच्या डबीत आहे. चाक तसेच अडकलेले राहिले, तर रोग पिस्टनमध्ये किंवा पिनांत आहे. एका पान्याच्या पाव फेरीत चारांतले दोन रोग बाद होतात. तर्कशास्त्राच्या तासाला आपण जे पाठ करतो ते याहून वेगळे काय आहे?

रोग पिनांचा किंवा पिस्टनचा निघाला तर तो घरच्या अंगणात बरा होऊ शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पद्धत सांगतो. गाडी पक्की उभी करावी. कॅलिपर धरणारे दोन बोल्ट काढून तो डिस्कवरून उतरवावा, पॅड काढावेत, पण नळी अजून सोडू नये. बहुतेक जण इथे घाई करतात. पिस्टन बाहेर काढायला सर्वांत सुरक्षित जोर म्हणजे लिव्हरचाच जोर. समोर लाकडाची पातळ पट्टी ठेवून लिव्हर हळूहळू दाबत गेले की बराच हट्टी पिस्टनही पुढे येतो. आधी नळी सोडली की ही सोय जाते आणि मग माणूस पक्कड शोधू लागतो. पिस्टनला पक्कड लावणे म्हणजे त्याला मारणे. सील जिथे घासते तिथे पक्कडीचा एक ओरखडा उठला की तिथून गळती सुरू होते. पंक्चरवाल्याची हवा देऊन पिस्टन उडवण्याचा प्रकारही सर्रास चालतो. तो पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि समोर बोटे असतील तर बोटे जातात. लिव्हरने न हलणारा पिस्टन ग्रीस-गनने काढता येतो, कारण ग्रीस हवेसारखे दबून उसळत नाही. मात्र नंतर ग्रीसचा कणही आत राहता कामा नये.

पिस्टन निघाला की दोन्ही सील लाकडी काडीने काढावेत, लोखंडी टोच्याने नव्हे. खाचेतला पांढरा क्षार काडीने व मऊ ब्रशने पूर्ण खरवडावा. पुष्कळदा सगळा रोग त्या खाचेतच असतो आणि बाहेरून पिस्टन चकचकीत करणाऱ्याच्या तो लक्षातच येत नाही. पिस्टनवर सील घासते त्या जागी नखाला लागेल असा खड्डा असेल तर पिस्टन बदलावा. पॉलिश कागदाने खड्डा भरत नाही. सील एकदा काढले की नवेच घालावेत. पूर्ण कॅलिपरच्या किमतीपुढे त्यांची किंमत किरकोळ असते. पिस्टन बसवताना ताज्या ब्रेक-द्रवात भिजवून, सरळ धरून, अंगठ्यांच्या जोराने आत सारावा. अंगठ्यांनी जात नसेल तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. तिथे हातोड्याला काम नाही. पिना पुसून त्यांना रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. पॅडला व डिस्कला तेलकट बोट लावू नये. पॅडची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण ती फुप्फुसात जाते. नळी सोडली असेल तर तिच्या बोल्टाचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि शेवटी आतली हवा पूर्ण काढावी.

इथे दुसऱ्या एका शब्दाकडे वळतो, कारण तो ‘जाम’पेक्षाही घातक आहे. तो शब्द म्हणजे ‘ब्रेक ऑइल’. गावोगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत हाच शब्द चालतो. पण बाटलीत असते ते ऑइल नव्हे. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉल जातीची रसायने आहेत आणि ब्रेकमधले रबर त्यांच्यासाठीच बनवलेले असते. त्या रबराला खनिज तेल लागले की ते फुगते. आता ज्याने आयुष्यभर ‘ब्रेक ऑइल’ हाच शब्द ऐकला, त्याने पातळी कमी दिसल्यावर घरातले इंजिन ऑइल ओतले, किंवा सील डिझेलमध्ये धुतले, तर दोष त्याच्या अडाणीपणाचा की त्याला दिलेल्या शब्दाचा? ऑइलला ऑइल चालते, हा त्याचा तर्क बिनचूक आहे. शब्दच खोटा आहे.

या द्रवाचा आणखी एक गुण त्याच्या नावातून कळत नाही. तो हवेतले पाणी शोषतो. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. चाचणीच्या ठरीव प्रमाणात, म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो किमान १५५ अंश असावा, एवढीच अपेक्षा उरते. याचा अर्थ काय, ते घाट उतरताना समजते. कॅलिपर अडकलेला, डिस्क तापलेली, द्रव तीन-चार वर्षांचा जुना आणि उतार मैलोन्‌मैल. द्रवातले पाणी उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते. लिव्हर पोकळ होऊन मुठीला टेकते आणि गाडी थांबत नाही. ज्या ब्रेकबद्दल सकाळी ‘जरा जास्तच लागतोय’ अशी तक्रार होती तोच दुपारी अजिबात लागत नाही. म्हणून हा द्रव साधारण दोन वर्षांनी बदलावा असे गाड्यांच्या पुस्तिका सांगतात. त्या पुस्तिका किती घरांत उघडल्या जातात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःच्या घरी जाऊन विचारावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. अशा स्थितीत ब्रेकसारखी वस्तू घरी उघडायला सांगणे हा बेजबाबदारपणा नव्हे काय? ते काम जाणत्याकडे सोपवावे हेच बरे, असे कोणी म्हणेल.

जाणत्याकडे सोपवावे, हे मला पूर्ण मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच, की जाणता ओळखायचा कसा? ज्याला स्वतःला काही कळत नाही त्याला जाणता आणि बतावणी करणारा यांतला फरकही कळत नाही. पक्कडीने पिस्टन ओढणारा आणि खाच खरवडून नवे सील घालणारा, दोघेही गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात. दोघांचेही हात काळेच असतात. शिवाय घरच्या कामाला मर्यादा आहेत आणि त्या मी लपवीत नाही. रोग वरच्या डबीचा असेल, पिस्टनला खड्डे असतील, नळी बदलायची असेल, तर अनुभवी माणूस हवा. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. अशा काही गाड्यांतली हवा काढायला खास यंत्र लागते, तिथे अंगणातला प्रयोग करू नये. आणि काम कोणीही केलेले असो, लिव्हर चार-सहा वेळा दाबून ती दगडासारखी घट्ट लागत नाही तोवर गाडी सुरू करू नये. मग अंगणातच, पायी चालण्याच्या वेगाने, पाहावे. स्वतःच्या मर्यादा ठाऊक होतात त्या ज्ञानानेच. अज्ञानाला मर्यादा नसते, म्हणून तर ते धाडसी असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो बाहेरून येत नाही, आपल्या घरातून येतो. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढली गेली, त्यांच्यापैकी मी एक आहे. आमच्यासारख्या घरांत “एवढं शिकवलं ते हात काळे करायला का?” हे वाक्य फार प्रेमाने उच्चारले जाते. त्यामागचे कष्ट मी जाणतो, म्हणून त्या वाक्याची थट्टा करणार नाही. पण ते मला मान्यही नाही. आपल्या समाजाने शतकानुशतके ज्यांच्या हाती पोथी दिली त्यांच्या हातून हत्यार काढून घेतले आणि ज्यांच्या हाती हत्यार दिले त्यांना पोथीला शिवू दिले नाही. त्याचे परिणाम आज गॅरेजच्या दारात दिसतात. आत बसलेल्या पोराला पिस्टन कसा काढायचा ते येते, पण का अडकला ते कोणी सांगितलेले नाही. बाहेर उभ्या असलेल्या पदवीधराला पास्कलचा नियम पाठ आहे, पण कॅलिपर कुठे असतो ते माहीत नाही. आम्ही पहिल्या पिढीचे विद्यार्थी या दोघांच्या मधोमध उभे आहोत. घरी हत्यार आहे, हातात पुस्तक आले आहे. पुस्तक आले म्हणून हत्यार टाकून दिले, तर जुनीच वाटणी आम्ही नव्याने करू; फक्त आमची बाजू बदललेली असेल.

आणि इथेच भाषेचा प्रश्न येतो. आमच्या आज्यांच्या बैलगाडीला जू होते, शिवळ होती, तुंबा होता, आरे होते, धाव होती, आस होती आणि चाक निसटू नये म्हणून कुणी होती. गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. गाडीच्या अवयवा-अवयवाला शब्द होता आणि तो सुतारालाही ठाऊक होता आणि गाडीवानालाही. चाक कुरकुरले तर ‘गाडी जाम झाली’ असे कोणी म्हणत नसे. वंगण संपले की आस झिजली, हे नेमके सांगितले जाई. आज तीच माणसे मोटारसायकल चालवतात आणि तिच्या बिघाडासाठी त्यांच्याजवळ एकच शब्द उरला आहे.

यावर उपाय म्हणून ‘द्रवचलित चक्रिका-गतिरोधक’ असले काही घडवावे असे मी मुळीच सुचवीत नाही. ‘गतिरोधक’ तर बिचारा कधीच रस्त्यावरचा उंचवटा होऊन बसला आहे. कॅलिपरला कॅलिपर म्हणावे, सीलला सील म्हणावे. ते शब्द गॅरेजमधल्या पोरांनी केव्हाच मराठी करून टाकले आहेत. मागणी शब्दांची नाही, वाक्यांची आहे. ‘सीलच्या खाचेत क्षार साचला की पिस्टन मागे येत नाही’ हे वाक्य मराठीत कुठे छापलेले आहे? मोबाईलवरच्या चित्रफितीत हात दिसतात, पण त्या हाताने तसे का केले ते पुष्कळदा सांगितलेच जात नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु जो हक्क आपल्या भाषेत वाचता येत नाही तो कागदावरचाच हक्क राहतो. ही वाक्ये लिहिण्याचे काम इंजिनिअर करतील तेव्हा करोत. सोपे, नेमके मराठी लिहिता येणे ही ज्यांची विद्या, त्या आपण वाट पाहत का बसावे?

म्हणून नुसते मत मांडून थांबत नाही, एक सूचना करतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि आपले शिबिर दरवर्षी कोणत्या ना कोणत्या खेड्यात असतेच. तिथे आपण रस्ता झाडतो, पथनाट्य करतो. एक सकाळ त्या गावातल्या मोटारसायकलींची चाके उचलून फिरवून पाहण्यासाठी द्यावी. जे चाक अडते त्याच्या मालकाला एक छापील पान द्यावे. त्या पानावर फार नको, सात वाक्ये पुरेत: ब्रेक ‘जाम’ होण्याची चार कारणे असतात. निपल सैल करून कारण ओळखता येते. पिस्टनला पक्कड आणि हवा लावू देऊ नका. बाटलीतले ‘ब्रेक ऑइल’ हे ऑइल नव्हे. त्यात किंवा सीलवर तेल, पेट्रोल, डिझेल घालू नका. हा द्रव दोन वर्षांनी बदला. लिव्हर घट्ट झाल्याशिवाय गाडी काढू नका.

पानाचा कच्चा मजकूर माझ्याकडे तयार आहे. तो बसस्टँडजवळच्या एखाद्या जुन्या फिटरकडून तपासून घ्यावा आणि त्याने जिथे काट मारली असेल तिथे वाद न घालता दुरुस्ती करावी. तोवर आपल्या भित्तिपत्रकाच्या संपादकांनी त्याला एका पंधरवड्यापुरती एक चौकट द्यावी, एवढीच विनंती.